निळ्या फाइलचं चौतिसावं पान

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी बोललो ते बोलायला नको होतं. "भविष्यावर निबंध लिहून कुणाचं पोट भरत नाही," असं तोंडातून गेलं आणि तू गप्प झालीस. भांडली असतीस तर बरं वाटलं असतं. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

तू दिलेली निळी फाइल, तुझ्या एक्स-रे काढण्याच्या कामाच्या आणि त्याच्या भविष्याच्या नोंदींची, मे महिन्यापासून कपाटावर तशीच होती. सोमवारी काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. तुझ्या राजीनाम्याबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

त्यातलं मला सगळ्यात आधी कळलं ते फ्यूचर्स व्हील. जेरोम ग्लेन यांनी ते 1971 साली तयार केलं, असं तू समासात लिहिलं आहेस. मधल्या वर्तुळात एक बदल, भोवती त्याचे थेट परिणाम, त्या परिणामांचे पुन्हा परिणाम. मीही एक काढलं. मधोमध लिहिलं, 'प्रेसमध्ये संगणक आला'. पहिल्या कड्यात छपाईचे खिळे भंगारात गेले, ते हाताने जुळवणाऱ्या आम्हा जुळाऱ्यांचं काम संपलं. दुसऱ्या कड्यात प्रूफं वाढली, कारण आता कुणीही टाइप करू लागलं. तिसऱ्या कड्यात दादाचं शिक्षण एक वर्ष लांबलं, मी घरी बसून प्रूफं वाचू लागलो, आणि तू शाळेतून आलीस की दार उघडायला मी असायचो. हे शेवटचं वर्तुळ काढताना हात थांबला. त्या दिवसांत असं काही पदरात पडेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी ऐकूनही घेतलं नसतं.

डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक, उजवा हात न बघता खिळ्यांच्या पेटीतला, केसमधला, नेमका खण शोधणारा. आमचे फोरमन म्हणायचे, यंत्राला जोडाक्षरं कधी जमायची नाहीत. नव्या पोरांना 'राष्ट्र' जुळवून दाखवायचे आणि म्हणायचे, हे करेल का मशीन? आम्ही सगळे माना डोलवायचो. संगणकावर पानं जुळवणारं पेजमेकर तिकडे 1985 सालीच बाजारात आलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी सगळ्यांना सांगत आलो की मला चाहूल आधीच लागली होती. तुलाही किती वेळा सांगितलं आहे. काल जुन्या डायऱ्या काढल्या. रोज किती पानं जुळवली, किती उचल घेतली, एका ठिकाणी तुझा ताप. संगणक हा शब्द पहिल्यांदा येतो तो आम्हाला नोटीस मिळाली त्या दिवशी. म्हणजे मला काहीच लागली नव्हती चाहूल. नंतर मनानेच ती गोष्ट नीट लावून ठेवली.

म्हणून तुझ्या नोंदी वाचताना मला तुझा हेवा वाटला. तारीख, 'आज मला असं वाटतं', 'खात्री दहापैकी सहा'. आणि सहा महिन्यांनी त्याच पानावर लाल शाईत, 'चुकले, कारण मी फक्त यंत्राकडे बघत होते, माणसांची ने-आण कोण करतं ते बघितलंच नाही'. बाळ, हे असं स्वतःच्या हाताने लिहायला धैर्य लागतं. माझ्याकडे असं एकही पान नाही.

तपासणाऱ्यांचा शेरा तुला लागला, ते मला कळलं. 'वर्णन आहे, चिंतन कमी आहे.' पण चौतिसावं पान पुन्हा वाच. थरथरणाऱ्या हाताचे ते आजोबा, दोनदा हललेला एक्स-रे, वाळूची पिशवी ठेवूनही हात स्थिर होईना. पुढे तू लिहिलंस, 'रुग्ण शांत झाले, तिसरी प्रतिमा चांगली आली.' कसे शांत झाले? मला तर तू फोनवर वीस मिनिटं सांगत होतीस. त्यांच्याशी काय बोललीस, घाई केल्याबद्दल स्वतःवर कशी चिडलीस, उद्या यंत्राने जागा आपोआप ठरवली तरी हे बोलणं कुणाच्या वाट्याला येणार, हा प्रश्नही तूच विचारलास. ते सगळं पानावर कुठे आहे?

आणि भविष्याची तुझी चार चित्रं. भविष्याचे अभ्यासक जिम डेटर यांच्या चार वाटा, वाढ, कोसळणं, शिस्त, कायापालट. वाढीला अर्धं पान, शिस्तीला अर्धं, कायापालटाला तीन ओळी आणि कोसळण्याला सहा पानं! त्या सहा पानांतूनच राजीनाम्याचा मसुदा निघाला ना? बघ, आलाच तो विषय. शेल या तेलकंपनीत पिअर वॅक यांनी 1973 च्या तेलसंकटाआधी वरिष्ठांपुढे एकाहून अधिक चित्रं ठेवली होती, हे तुझ्याच फाइलमध्ये आहे. एकाच चित्रावर नोकरी सोडायची असेल तर बाकीची तीन काढलीस कशाला? कृत्रिम बुद्धिमत्तेचे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी 2016 साली सांगितलं की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्या पुढे जाईल. त्यांना पुढे 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि रेडिओलॉजिस्ट अजून कामावर आहेत. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज चुकतो, तर तू...

नाही, हे मी पुन्हा रविवारसारखंच करतो आहे. तू म्हणशील, बाबा, ते एक्स-रे वाचणाऱ्यांबद्दल बोलले होते, मी काढणारी. खरं आहे. शिवाय एकाचा अंदाज चुकला म्हणजे तुझी नोकरी पक्की, असंही होत नाही. फोरमनही असंच बोलायचे. माफ कर. मला धास्ती वाटते ती माझ्या नोटिशीच्या दिवसाची, आणि ती मी तुझ्या वयावर लादतो आहे. तू निदान आधी बघते आहेस. तुझी फाइल वाचताना दोनदा चष्मा पुसावा लागला, हे आईला सांगू नकोस.

फाइल परत पाठवतो आहे. माझं व्हील चौतिसाव्या पानामागे लावलं आहे, नको असेल तर काढून टाक. आई विचारते, रात्रपाळी कधी संपते?

मसुदा अजून दिला नसशील तर त्यावरही तारीख घाल, आणि खात्री दहापैकी किती ते लिही. तेवढा आकडा मला कळव.

तुझे
बाबा