लहान कॉलेज कोणाला मानवेल?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मूल अकरावीत गेले की ‘लिबरल आर्ट्स’ कॉलेजांची, म्हणजे एकाच शाखेत न अडकता कला-विज्ञानाचे विविध विषय शिकवणाऱ्या कॉलेजांची चौकशी आता पुण्यातल्या पुष्कळ घरांत सुरू होते. ती बहुधा क्रमवारी आणि ‘प्लेसमेंट’ या दोनच अंगांनी होते. माझी मोठी मुलगी अमेरिकेतील अशा एका लहान कॉलेजात शिकली. धाकट्याला मात्र आम्ही विचारपूर्वक तशा कॉलेजात घातले नाही.

लहान म्हणजे किती? अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजात सुमारे २,००० विद्यार्थी आहेत. तिथल्याच आयोवा राज्यातील ग्रिनेल कॉलेजात त्याहूनही कमी, आणि त्या गावाची वस्तीच १०,००० च्या आत आहे. फर्ग्युसन रस्त्याच्या वर्दळीत वाढलेल्या मुलाला तिथली शांतता सोसेल का, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. या कॉलेजांत मुख्यतः पदवीचेच शिक्षण असल्याने प्राध्यापक स्वतः शिकवतात आणि संशोधनात हाताखाली पदवीचीच मुले घेतात. पण पंधरा-वीस जणांच्या वर्गात न वाचता आलेले मूल लगेच उघडे पडते. मुलीला हे मानवले, कारण ती शाळेतही बाईंशी वाद घालायची. मुलगा हुशार असला तरी मागच्या बाकावर बसून आपल्या गतीने शिकणारा. शिवाय त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग हवे होते, आणि स्वार्थमोरसारखे अपवाद सोडले तर अशा कॉलेजांत अभियांत्रिकी सहसा नसते.

दुसरी गोष्ट पालक क्वचितच विचारतात. विभागात तीन-चारच प्राध्यापक असतील, तर त्यांतील एक रजेवर गेले की माहितीपुस्तिकेत छापलेला विषय वर्षभर शिकवलाच जात नाही. मुलीचा तिसऱ्या वर्षाचा संख्याशास्त्राचा एक कोर्स असाच हुकला. म्हणून पुस्तिकेवर न जाता गेल्या दोन वर्षांचे प्रत्यक्ष वेळापत्रक मागावे. शुल्काचेही तसेच आहे: छापील आकड्यापेक्षा मदत वजा जाता उरणारी रक्कम लेखी घ्यावी.

फ्लेम किंवा सिम्बायोसिस यांच्या लिबरल आर्ट्स अभ्यासक्रमांमुळे पुण्यातच पर्याय असलेल्यांना आणखी एक सोय आहे. कॉलेजची परवानगी मिळाल्यास, स्वागताचा कार्यक्रम नसलेल्या साध्या दिवशी मुलाला एका तासाला बसू द्यावे, आपण बाहेर थांबावे आणि तो बाहेर आल्यावर काय बोलतो ते ऐकावे. एका कॉलेजात असा तास करून आल्यावर आमचा धाकटा एवढेच म्हणाला होता, “सगळे माझ्याकडेच बघत होते.”

आपला,
एक पालक, कोथरूड, पुणे