भाग 'ब'वर सही करायची कोणी? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि जुन्या पुरावा कायद्यातल्या 65-ब च्या जागी कलम 63 आले. मोबाइल, कॅमेरा यांतला इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात दाखल करताना सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, ते या कलमाखालचे. पूर्वी त्यावर एक सही पुरायची. आता भाग 'अ' पक्षकाराचा आणि भाग 'ब' तज्ज्ञाचा. हा तज्ज्ञ कोण, हे कलम 63 सांगत नाही. देवगड, गुहागर, दापोलीच्या कोर्टात गाडे इथेच अडते.

वाशीच्या दलालाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घ्या. बागायतदाराने ती वकिलाला फॉरवर्ड केली की फोटोची फाइल पुन्हा दाबून लहान केली जाऊ शकते आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा तिचा ठसा, बदलतो. डोळ्यांना फोटो तोच दिसतो, पण एसएचए-256 या हॅश पद्धतीचे 64 अक्षरांचे उत्तर पार वेगळे येते. म्हणून मूळ फोनमधली फाइल केबलने पेनड्राइव्हवर घ्यावी, तिथेच हॅश काढावा, अहवाल प्रमाणपत्राला जोडावा आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, लिहावा. हॅश प्रत्येक फाइलचा स्वतंत्र काढावा. अनेक जण सगळ्या फाइलींची झिप (एकत्र बांधलेली एकच फाइल) करून तिचाच हॅश देतात, मग आतली एकच क्लिप वादात आली की पंचाईत.

जेटीवरच्या कॅमेऱ्याचे दुखणे वेगळे. डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र, जुने चित्रण पुसत जातो. त्याचे घड्याळही बरेचदा चुकलेले असते; कॉपी घेताना मोबाइलच्या वेळेशी फरक टिपून ठेवला नाही, तर समोरचा वकील त्यावरच तुटून पडतो.

मूळ फोन मालकाने स्वतः साक्ष देऊन दाखवला तर प्रमाणपत्र लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या खोतकर निकालात म्हटले आहे. पण मग साक्षीदार आला, तारखा आल्या, आणि रोजच्या धंद्याचा फोन कोर्टात जमा. शिवाय प्रमाणपत्राने पुरावा फक्त दाखल होतो. मजकूर खरा की खोटा, तो वाद उरतोच.

पोलिसांच्या हाताशी पुरावा चित्रित करून जतन करणारे ई-साक्ष्य ॲप आहे. खासगी पक्षकाराच्या हाताशी काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79-अ खालचे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक केंद्र सरकार अधिसूचित करते. भाग 'ब'ला तेच हवेत की अन्य जाणकार चालेल, याचे लेखी स्पष्टीकरण आपण केंद्राकडून मागवावे. तोवर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गासाठी प्रशिक्षित व्यक्तींची तालुकावार यादी शासन निर्णयाने काढावी आणि फी ठरवून द्यावी. शंभर पेट्यांच्या पट्टीसाठी मुंबईच्या खासगी प्रयोगशाळेची फी कोणाला परवडणार?

आपले,
किनाऱ्यावरच्या तालुका न्यायालयांत काम करणारे काही वकील