अम्या, काकूंना एवढं विचार

प्रिय अम्या,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे आणि मग पुढं वाच. दिवाळीपासून तुझे मेसेज निळ्या टिका होऊन पडलेत हे मला माहितीय, आणि तुझ्या व्हॉइस नोटा मी दीडपट स्पीडनं ऐकतो तरी संपत नाहीत हेही सांगून टाकतो. आम्ही सगळे बरे. माझी पाठ आहे तशीच आहे, सायलीचं थायरॉइड कंट्रोलमध्ये. झालं तब्येतीचं.

मोबाईलवर टाइप करत बसलोय कारण हे फोनवर मला नीट सांगता येणार नाही आणि इथं जर्मनीत कुणाला सांगितलं तर ते लगेच एखाद्या डॉक्टरची लिंक पाठवतात.

आम्ही ग्रीसला जाऊन आलो. नॅक्सोस नावाचं बेट आहे, सँटोरिनीच्या वरच्या अंगाला, सायक्लेड्स बेटांमधलं सगळ्यात मोठं. सँटोरिनीला कडे आणि पायऱ्या, तिथं लहान पोर घेऊन जाणं म्हणजे दिवसभर त्याचा दंड धरून फिरणं, म्हणून सायलीनं शोधून हे काढलं. न्यूर्नबर्गहून अथेन्सपर्यंत विमान आणि तिथून पिरेयस बंदरातनं मोठी बोट, पाच तासांवर. बोटीत आमच्या निनादनं एकच काम केलं, खिडकीला नाक लावून प्रत्येक जहाजाकडं बोट दाखवायचं आणि ‘ऊं’ करायचं. बोट दाखवायचं, हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

राहायला आया आन्ना नावाच्या बीचजवळ होतो. पाणी लांबपर्यंत गुडघाभर. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच मर्दा, सकाळी केलेला वाळूचा किल्ला संध्याकाळी तिथंच, लाट येऊन नेत नाही, शेजारचं जर्मन पोरगं तुडवून जातं तेवढंच. पाणी मात्र आपल्यापेक्षा खारट, तोंडात गेलं की कळतं. आणि आपल्या गणपतीपुळ्यासारखं पायाखालची वाळू ओढून नेत नाही. गणपतीपुळ्यावरनं आठवलं, बाईकची किल्ली तूच वाळूत पाडलीस. मी आजही तेच म्हणणार. त्या किल्लीवाल्याचे आठशे मी भरले आणि तू त्यातले चारशे देणार होतास.

तर आता झालं ते सांगतो.

तिकडं जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडनं वारा सुटतो, मेल्तेमी म्हणतात. आकाश निळंभोर, ढगाचा पत्ता नाही आणि वारा असा की छत्र्या उलट्या होतात, वाळू पोटऱ्यांना टोचते. जास्त झाला तर बोटीच बंद करतात. त्या दिवशी तो जोरात होता. आम्ही बीचलगतच्या टॅव्हर्नात जेवून उठत होतो, म्हणजे आपली किनाऱ्यावरची खानावळ समज, झाडाखाली टेबलं. सायली पाय धुवायला नळावर गेली, मी बिल देत होतो, तिला वाटलं तो माझ्याकडं, मला वाटलं तो तिच्याबरोबर. तुला पुढचं कळलंच असेल.

आधी माणूस पाण्याकडं बघतो. मी पाण्याकडं पळालो. पाण्यात नव्हता. मग मी हाका मारायला लागलो आणि अम्या, तिसऱ्या-चौथ्या हाकेला माझ्या डोक्यात आलं की हा ओ देणार नाही. हरवलाय म्हणून नाही. तो घरातसुद्धा देत नाही. मी काय ओरडतोय आणि कशासाठी. कुणी त्याला विचारलं, तुझं नाव काय, तर तो त्या माणसाच्या शर्टाचं बटण बघत बसेल. आणि त्या सगळ्या धावपळीत मला काय ऐकू यावं, तर तू लहानपणी हरवलास तेव्हाचा औदुंबरचा लाउडस्पीकर. ‘लाल बनियन घातलेला मुलगा, नाव सांगत नाही.’ मी आयुष्यात ती अनाउन्समेंट ऐकलेली नाही, काकूंच्या तोंडून ऐकलीय फक्त, तरी शब्द न् शब्द आला. म्हणून तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाला हे काय सांगू.

सापडला. दोन टॅव्हर्ना सोडून पलीकडे, स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात, एक काळ्या कपड्यातली म्हातारी बटाटे सोलत बसलेली आणि हा उलट्या क्रेटवर बसून सोललेला एकेक बटाटा पाण्याच्या पातेल्यात टाकतोय. (नॅक्सोसचा बटाटा तिकडं फेमस आहे, ग्रीसभर जातो. आपला मुलगा कामाला लागलेला.) मी दारातनं हाक मारली. मान वळली नाही. परत मारली. नाही. तेवढ्यात मागच्या बोळातनं एक स्कूटर गेली आणि हा पटकन वळला, स्कूटर बघितली, मग मी दिसलो, हसला, उठून आला आणि ओला बटाटा माझ्या हातात दिला.

मला पहिल्यांदा वाटलं चला, कान चांगले आहेत. आणि पुढच्या क्षणाला वाटलं, कान चांगले असूनही हाकेला वळत नसला तर ते जास्त वाईट नाही का?

म्हातारीनं सायलीला रडताना बघून तिला पाणी दिलं, निनादचा गाल धरला आणि त्याच्याकडं बघून फ्तू फ्तू फ्तू केलं. सायलीला वाटलं थुंकली. ती भांडायच्या बेतात होती. मग त्या बाईच्या नातवानं इंग्लिशमध्ये सांगितलं की पोराचं कौतुक केलं की असं करतात, नजर लागू नये म्हणून. वर तिनं एक निळा डोळ्याचा मणी आणून त्याच्या शर्टाला पिनेनं लावला. सासूबाईंना रात्री व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, बघा, तिकडच्या लोकांनाही कळतं, तुम्ही मात्र मीठ-मोहरी म्हटलं की हसता.

तर निनादचं असं आहे. अडीच वर्षं झाली. शब्द धरून दहा-बारा, तेही आम्हालाच कळणारे. दोन शब्द जोडून काही नाही. इथं दोन वर्षांच्या आसपास एक तपासणी असते, यू-७ म्हणतात, त्यात डॉक्टरनं विचारलं की पन्नासएक शब्द आहेत का, दोन शब्द जोडतो का, हाकेला वळतो का. तेव्हा मी म्हणलो, मुलं आपापल्या वेळेनं बोलतात, माझा एक मित्र साडेतीन वर्षांपर्यंत बोलला नव्हता आणि आज तो सांगली कोर्टात वकील आहे आणि जज त्याला बास म्हणतात. डॉक्टर हसली. सायली हसली नाही. तेव्हापासनं घरात या विषयावर जेवढी भांडणं झाली त्या प्रत्येकात तू साक्षीदार आहेस. ‘त्या अम्याचं मला सांगू नकोस’ हे वाक्य आमच्याकडं रोजचं झालंय. नाव निनाद ठेवायची हौस माझीच होती, त्यावरनंही बोलणी खातो ते वेगळं.

आई म्हणते, घरात मराठी, किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जर्मन, तुमच्या दोघांचं अर्धं इंग्लिश, पोर गोंधळलंय, एकच भाषा ठेवा. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलंय की दोन-तीन भाषांमुळं बोलणं अडकत नाही, मराठी सोडू नका, तुम्हाला जी नीट येते तीच बोला. हे आईला पटत नाही. आईला माझ्या तोंडून काहीच पटत नाही, तुझ्या तोंडून पटतं, तर कधी घरी गेलास तर सांग.

पहिलं काम कानांचं. किटात घातल्यापासनं सर्दी हटत नाही आणि त्यानं पडद्यामागं पाणी साठतं, तसं असलं तर पोराला पाण्याखालनं ऐकल्यासारखं ऐकू येतं, मोठे आवाज कळतात, बोललेलं नीट कळत नाही. स्कूटर ऐकू आली, नाव नाही आलं, हे त्यात बसतं की नाही? मी त्या दिवसापासनं हेच घोळवतोय. वारा उत्तरेचा होता, निनाद माझ्या दक्षिणेला होता, म्हणजे माझी हाक वाऱ्याबरोबर त्याच्याकडेच जात होती, ऐकू यायला हवी होती. पण मी निम्म्या वेळा तोंड पाण्याकडं करून ओरडत होतो. आणि दारातनं मारली तेव्हा तर वारा नव्हताच, भिंत होती. आणि बटाट्यात गुंगलेलं पोर तसंही कुणाला ओ देतं? तू क्रिकेट बघताना वहिनींना देतोस का? रात्री तीन वाजता हे सगळं मी कोर्टात मांडल्यासारखं मांडतो, दोन्ही बाजूंचा वकील मीच आणि निकाल लागत नाही. कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट सप्टेंबरमध्ये आहे. इथं तशाच मिळतात.

चांगल्या बाजूनं असं आहे की तो बोट दाखवतो, आणि दाखवून माझ्या तोंडाकडं बघतो की मी बघितलं का. बटाटा आणून दिला. बूट आण म्हणलं की आणतो, न दाखवता. डॉक्टर म्हणाली हे महत्त्वाचं आहे, शब्दांपेक्षा. पण हाकेचं विचारल्यावर तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जर्मन इतकं येत नाही की उलटं वाचता येईल.

बाकी ट्रिप झाली छान, म्हणजे होत राहिली. तिकडं पिवळ्या डाळीचं फावा मिळतं, अगदी आपलं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह ऑईल, निनाद दोन्ही वेळा तेच जेवला, नाहीतर थंड तांदळाची खीर. पोरं रात्री अकरापर्यंत चौकात बॉल खेळतात, कुणी झोपायला पिटाळत नाही. एक दिवस उत्तरेला अपोलोनासला गेलो, घाटात त्याला उलट्या, वर पोचल्यावर बघायचं काय तर खाणीतच अर्धवट सोडलेला एक संगमरवरी पुतळा, दहा मीटरपेक्षा लांब, अडीच हजार वर्षांपासनं उताणा पडलाय. सायली म्हणाली, हापण आपल्या वेळेनं उठेल, तुझा मित्रच असेल. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकत्र हसलो.

तुला आवडेल अशी एक गोष्ट, शेजारच्या पारोस बेटावर २०२३ मध्ये लोकांनी टॉवेल घेऊन बीचवर मोर्चे काढले, का तर सगळी वाळू पैशाच्या खुर्च्यांनी अडवलेली. पुढच्या वर्षी सरकारनं नियम कडक केले. तू तिथं असतास तर केस फुकट घेतली असतीस आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले असतेस.

आता काम. काकूंना नीट विचार. ती आमटीची गोष्ट, की तू साडेतीन वर्षं गप्प होतास आणि एक दिवस ताटावर बसून म्हणालास ‘आमटीला मीठ नाही’, ती खरी आहे का? कारण परवा ऑफिसात एकानं अगदी तीच गोष्ट सांगितली, सूप गरम आहे म्हणून, आणि ती म्हणे आइनस्टाइनची. माझ्या पायाखालची जमीन सरकली रे. मी इतके महिने तुझ्या त्या आमटीवर घर चालवतोय.

म्हणून गोष्ट नको, तपशील हवाय. नक्की कितव्या वर्षी बोलायला लागलास. त्याआधी मामा-बाबा काही होतं का. बोट दाखवायचास का. हाक मारल्यावर वळायचास का, आणि औदुंबरला काकू हाका मारत होत्या तेव्हा तू जवळ होतास की लांब. तुझे कान कुणाला दाखवले होते का, मला पुसटसं आठवतंय की मिरजेला कुठंतरी नेलं होतं. काकू म्हणतील ‘अरे बोलेल तो’, त्यावर थांबू नकोस, उलटतपासणी घे, पोट त्याच्यावरच चालतं तुझं. आणि उत्तर माझ्या विरोधात जात असेल तरी तसंच सांग.

तुझ्या स्लॅबचे फोटो बघितले, मस्त. काकांचा गुडघा कसा आहे, ऑपरेशन करायचं ठरलं का? वहिनींची बदली तासगावला झाली ते आईकडनं कळलं, रोज एसटीनं करतात का? पोरीच्या बारशाला येता आलं नाही याचं पुन्हा कधीतरी सविस्तर ऐकवून घेईन.

फोन केलास तर आमच्या नऊच्या पुढं कर, तुमच्याकडं साडेबारा होतील पण तू जागाच असतोस. तेव्हा सायली निनादला झोपवत असते. बाल्कनीत येऊन बोलता येतं.

तुझा,
केद्या