ग्लोबल हेल्थमध्ये जायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही

प्रति संपादक,
सप्रेम नमस्कार.

करिअर पुरवणीत ग्लोबल हेल्थवर, म्हणजे देशोदेशींच्या लोकांच्या आरोग्यासाठी चालणाऱ्या कामावर, अख्खं पान आलं ते बघून बरं वाटलं, पण सगळा भर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स डिग्री) कुठून करायचं आणि डब्ल्यूएचओच्या मुख्यालयात, जिनिव्हाला, कसं पोचायचं यावरच होता, आणि मेडिकलला न गेलेल्या मुलांसाठी शेवटी जेमतेम दोन ओळी. मी स्वतः कॉमर्सची, बरीच वर्षं लसींच्या सप्लाय चेनमध्ये काम करतेय, त्यामुळे राहवलं नाही.

या क्षेत्रात डॉक्टर नसलेला माणूस म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा कारकून, हा समज आधी जायला हवा. जेम्स ग्रँट १९८० ते १९९५ युनिसेफचे प्रमुख होते, लसीकरण आणि ओआरएस जगभर पोचवायचा धडाका त्यांनी लावला, आणि त्यांचं शिक्षण कायद्याचं. एड्स, टीबी आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंडची सूत्रं २०१८ मध्ये घेणारे पीटर सँड्स बँकेतून आलेले. एचआयव्हीची तीन औषधं एका पेशंटला वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास पडायची, ती २००१ मध्ये साडेतीनशे डॉलरला द्यायची तयारी दाखवली सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी, ते रसायनशास्त्राचे.

पण ही झाली मोठी नावं, मुलांना खरं कळायला हवं ते रोजचं काम. बहुतेक लसी २ ते ८ डिग्रीत ठेवाव्या लागतात आणि सगळ्यांना भीती गरमीची, त्यासाठी बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो, उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, गोलाच्या रंगाला आला की बाटली बाद. हे कोणालाही बघून कळतं. पण हेपेटायटिस बीची लस गोठली तर ते चिन्ह काहीच सांगत नाही. बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून हलवल्यावर आत पाणी डुचमळेपर्यंत बाहेर ठेवायचे असतात, कोणी घाईत तसेच भरले की लस गोठते, मग वितळते, वरवर बघितलं तर कळतही नाही आणि बाळाला टोचली तरी पुरेसं संरक्षण मिळत नाही. हे पकडतो तो टेम्परेचरचा ग्राफ नेमाने बघणारा स्टोअरचा माणूस! त्याच्याकडे एमबीबीएस नसते, पण त्याची नजर चुकली तर पुढे कितीही चांगला डॉक्टर असला तरी उपयोग नाही.

डेटाचंही तसंच. मलेरियाच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये एखाद्या केंद्राचा रकाना रिकामा असतो आणि वर बेरीज करताना कोणीतरी तो शून्य धरतो, झालं, जिल्ह्यात मलेरिया कमी झाला असं दिसायला लागतं, खरं तर त्या केंद्राने रिपोर्टच पाठवलेला नसतो. हा फरक ओळखून फोन उचलणारा माणूस मला कुठल्याही मोठ्या डिग्रीपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. आणि २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा लोक आपली मेलेली माणसं आरोग्य पथकांच्या हवाली करायला तयार नव्हते, तिथे मानववंशशास्त्राच्या लोकांनी घरच्यांशी बोलून अंत्यविधी सुरक्षित पण मानाने कसा करता येईल ते ठरवायला मदत केली.

म्हणून मुलांना माझं सांगणं एवढंच, एक कसब धरा, खरेदी, हिशेब, डेटा, कायदा, काहीही, आणि पहिली नोकरी मुख्यालयात न शोधता जिथे प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालतो तिथे घ्या. डब्ल्यूएचओच्या प्रोफेशनल पदांना खालच्या पायरीवरसुद्धा दोनेक वर्षांचा अनुभव मागतात, एक पायरी वर गेलं की पाच, आणि तो अनुभव वर्गात मिळत नाही. एमपीएच करायचंच तर दोन-तीन वर्षं काम केल्यावर करा, तेव्हा काय शिकायचंय ते तरी माहीत असतं. डीएचआयएस२ हे ऑस्लो विद्यापीठातून उभं राहिलेलं, आरोग्याची आकडेवारी गोळा करायचं सॉफ्टवेअर कितीतरी देशांचे आरोग्य विभाग वापरतात, ते फुकट आहे, घरबसल्या हात बसवता येतो. फ्रेंच आली तर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली बरीच दारं उघडतात. फुकटच्या इंटर्नशिपचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं, डब्ल्यूएचओने २०२० पासून स्टायपेंड सुरू केला, पण बऱ्याच ठिकाणी अजून काहीच देत नाहीत, म्हणजे ज्याच्या घरून पैसे येतात तोच आत शिरणार, आणि मग गरिबांच्या आरोग्याचे निर्णय घेणाऱ्यांत गरीब घरातलं कोणी नसणार.

एक गोष्ट लपवू नये. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था बंद केली आणि बरीच अनुभवी माणसं एकदम बाजारात आली, त्यामुळे नवीन मुलांना आता जास्त कठीण जाणार. माझ्या बघण्यात तरी ज्यांच्या हातात कसब होतं ते दुसरीकडे लागले, औषध कंपनीत म्हणा, सरकारी खात्यात म्हणा, पण ज्यांचं सगळं काम एकाच फंडिंगच्या रिपोर्टपुरतं होतं त्यांची फार ओढाताण झाली.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत लसींच्या स्टोअरचा मॅनेजर, जिल्ह्याचा डेटा बघणारा, अनुदानाचे हिशेब ठेवणारा अकाउंटंट अशा लोकांच्या मुलाखती घ्या, आणि त्यांना पगार विचारा, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं असतं आणि ते संपल्यावर काय करतात तेही विचारा.

आपली,
एक नियमित वाचक