राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंत्र्याने राजीनामा दिला की आपण लोक काय करतो, आणि मुख्य म्हणजे काय करत नाही, याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. आज बसलेय लिहायला, थोडं लांबेल, पण जमलं तर न कापता छापा.

४ मार्च २०२५ ची सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. करी रोडवरून मी रोजची स्लो पकडते, लेडीज डब्यात लांबून आलेल्या बायका आधीच बसलेल्या असतात, कुणी मेथी निवडतेय, कुणी स्तोत्र पुटपुटतेय, असं सगळं चालू असतं. त्या दिवशी काहीच चालू नव्हतं. खून झालेले बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना मारहाण करतानाचे फोटो आदल्या संध्याकाळी बाहेर आले होते, चार्जशीटमधले, आणि रात्रीतून ते प्रत्येकीच्या फोनवर पोचले होते. माझ्यासमोरच्या बाईने फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि पर्स पोटाशी घट्ट धरून बसली ती थेट मशीद बंदर येईपर्यंत. कुणी काही बोललं नाही. बत्तीस वर्षं ट्रेनने जातेय, २६/११ नंतरचे दोनतीन दिवस सोडले तर एवढा शांत डबा मी पाहिलेला नाही.

दुपारपर्यंत बातमी आली की अन्न व नागरी पुरवठा मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला, मुख्यमंत्र्यांनी तो स्वीकारून राज्यपालांकडे पाठवला. आणि आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फटाके सुरू झाले, म्हणजे ते फोनवरचे फटाके. ‘सत्याचा विजय’, ‘अखेर न्याय मिळाला’, कुणी देशमुखांचा फोटो टाकून खाली ‘आता आत्म्याला शांती’ असं लिहिलं. मीसुद्धा हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ग्रुपवर टाकी धुण्याचा मेसेज आला आणि मग सगळं टाकीवरच सुरू झालं.

न्याय मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं हो? ९ डिसेंबर २०२४ ला त्या माणसाला मारलं. पवनचक्कीवाल्या कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली आणि सरपंच त्याच्या आड आले म्हणून खून झाला, असं तपास यंत्रणेचं म्हणणं. मुख्य आरोपी म्हणून ज्याचं नाव आहे तो वाल्मीक कराड हा मुंडेंच्या जवळचा माणूस, ३१ डिसेंबरला तो पुण्यात स्वतःहून हजर झाला, आणि मंत्र्यांचा राजीनामा आला ४ मार्चला. खुनापासून मोजून बघा, ८५ दिवस झाले. मधल्या काळात बीडला मोर्चा निघाला, पुण्यात निघाला, घरचे लोक रोज टीव्हीसमोर तेच तेच सांगत होते, रडत होते, तेव्हा कुणाला घाई नव्हती. फोटो आल्यावर एका दिवसात झालं. म्हणजे देशमुखांच्या बायकोचं, भावाचं, गावाचं सांगणं पुरेसं नव्हतं, आपल्याला फोटो लागले. याचा मला फार त्रास होतो.

आणि राजीनाम्यात कारण काय, तर सद्सद्विवेकबुद्धी आणि तब्येत. स्वतः मुंडे या खुनात आरोपी नाहीत, ते इथे स्पष्ट लिहिते, कारण मला कुणावर उगाच चिखलफेक करायची नाहीये. पण मग राजीनामा ही शिक्षाही नाही आणि निकालही नाही, मंत्रीपद सोडलंय फक्त. आमच्या ग्रुपवर निम्म्या लोकांना वाटत होतं की आमदारकीपण गेली, मला दोघांना फोन करून सांगावं लागलं की अहो ते वेगळं, आमदारकीचा राजीनामा विधानसभा अध्यक्षांकडे द्यावा लागतो, तो कुणी दिलेला नाही. मंत्रीपद गेल्यावर सरकारी बंगला पंधरा दिवसांत सोडायचा असतो, तर मलबार हिलवरचा सातपुडा बंगला ऑगस्टपर्यंत सोडला नव्हता अशा बातम्या तुमच्याच पेपरात वाचल्या. मे महिन्यात तेच खातं भुजबळांना मिळालं तरीसुद्धा. या बातमीवर ग्रुपवर एक अक्षर आलं नाही.

आपलं हे आजचं नाही. २६/११ नंतर २००८ च्या डिसेंबरमध्ये गेटवेला जी गर्दी जमली होती त्यात मी होते, आमच्या मजल्यावरच्या पाचजणी मेणबत्त्या घेऊन गेलो होतो, ३ तारीख होती, मुंग्यांसारखी माणसं, घसा बसेपर्यंत ओरडलो. आर. आर. पाटील तोवर गृहमंत्रीपद सोडून गेले होते, ते ‘बडे बडे शहरों में’वालं वाक्य त्यांना भोवलं, आणि खरं सांगायचं तर आमच्या चाळीतल्या बायकांना आबांबद्दल वाईटपण वाटलं होतं कारण डान्सबार त्यांनी बंद केले होते २००५ मध्ये, कितीतरी घरातले पगार त्यामुळे वाचले होते. मग मुख्यमंत्री विलासरावांचंही पद गेलं. ताजमध्ये सिनेमावाल्याला बरोबर घेऊन गेले तेव्हाच लोकांच्या मनातून उतरले होते. ते गेले आणि आम्ही गप्प झालो. हल्ल्याच्या वेळी पोलिसांकडून काय चुकलं ते बघायला राम प्रधान समिती नेमली होती, २००९ मध्ये तिचा अहवाल आला, त्यात काय आहे असं आमच्या पाचजणींपैकी एकीनेही विचारलं नाही, मीही नाही. त्याच वर्षी निवडणुका झाल्या, आबा परत गृहमंत्री झाले. विलासरावांच्या जागी आलेले अशोक चव्हाण २०१० मध्ये आदर्श सोसायटीच्या घोटाळ्यावरून गेले, तेव्हाही कुलाब्याच्या त्या एकतीस मजल्यांकडे बोट दाखवून बसमध्ये लोक बोलायचे, तावातावाने. राज्यपालांनी आधी खटल्याला परवानगी नाकारली, २०१६ मध्ये दुसऱ्या राज्यपालांनी दिली, २०१७ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. हे बसमधल्या त्या माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल? वनमंत्री संजय राठोडांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला, ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारात परत मंत्री.

कुणी म्हणेल परत येणं हा गुन्हा आहे का. नाही. आरोप खोटे ठरले असतील तर माणसाने मानाने परत यावं, मी स्वतः पहिल्यांदा टाळ्या वाजवेन. पण ते खोटे ठरले की खरे ठरले की तसेच पडून राहिले, हे आपण बघतच नाही, राजीनामा आला की टीव्ही बंद करून झोपतो, आणि हे त्यांना, सगळ्या पक्षांच्या सगळ्यांना, चांगलं माहीत आहे.

अजून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या ऑफिसात बीड जिल्ह्यातले दोघे आहेत, एक केज तालुक्यातला, म्हणजे मस्साजोगच्याच, आणि एक परळीकडचा, म्हणजे मुंडेंच्या मतदारसंघातला. अकरा वर्षं एका टेबलावर डबा खायचे, एकाच्या घरची ज्वारीची भाकरी आणि दुसऱ्याच्या घरचा शेंगदाण्याचा ठेचा, आम्ही मुंबईवाले मध्ये हात घालायचो. जानेवारीपासून त्यांचं बोलणं कमी झालं. राजीनाम्याच्या दिवशी एकाने स्टेटसला देशमुखांचा फोटो ठेवला, दुसऱ्याने ‘भाऊ, आम्ही पाठीशी आहोत’ असं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून परळीवाला डबा आपल्या कॉम्प्युटरसमोरच उघडायला लागला, आजपण तिथेच खातो. त्यांच्या जाती मी लिहीत नाही, ज्यांना कळायच्या त्यांना गावांच्या नावावरूनच कळतात. दोघंही चांगली माणसं. एकानेही कुणाला मारलेलं नाही. मी परळीवाल्याला विचारलं, अरे तुला खून पटतो का, तर त्याच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाला ताई, कसा पटेल, पण रोज सगळे माझ्याकडेच बघतात हो. त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही, मी त्याच्या डब्यातला ठेचा घेतला आणि तिथेच उभी राहून खाल्ला.

म्हणून मला वाटतं, लोकांना जातीत वाटून घ्यायचं नसेल तर बोलणं खटल्याबद्दल व्हायला हवं. साक्षी कुणाच्या झाल्या, पुढची तारीख काय, कोण फरार आहे. गुन्हेगार हा गुन्हेगार, त्याच्या मागे कुठलाच समाज उभा नाही हे मग आपोआप दिसेल.

तुम्हाला विनंती अशी की राजीनाम्याच्या दिवशी जशी आठ कॉलम बातमी देता तशी नंतर महिन्यातून एकदा, आतल्या पानावर का होईना, चौकट द्या. अमुक मंत्र्यांनी अमुक कारणाने राजीनामा दिला होता, ती चौकशी किंवा केस आज इथे आहे. चार ओळी पुरेत. काही झालं नसेल तर ‘काही झालं नाही’ असंच छापा, तेही आम्हाला कळू दे. सगळ्या पक्षांचं छापा, निवडून नको.

माझ्यापुरतं मी सुरू केलंय. दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिते त्यावर दर महिन्याच्या ९ तारखेला मी ‘बीड’ असं लिहून ठेवलंय. त्या दिवशी रात्री जेवणं झाली की मस्साजोगच्या केसची बातमी शोधते, भाच्याने ई-कोर्ट्सवर तारीख कशी बघायची ते दाखवलंय. मिळालं ते ग्रुपवर टाकते. पहिल्या महिन्यात कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, पुढची तारीख कधी आहे गं?

आपली,
एक जुनी वाचक
लालबाग, मुंबई