वेंगुर्ल्याला ये, पण मुक्कामाला ये

वेंगुर्ले,
फेब्रुवारी अखेर

प्रिय वसुधा,

स. न. वि. वि.

‘गोव्याला जाताना वाटेत तुझ्याकडे जेवू’ असं तू फोनवर म्हणालीस आणि मी तेव्हाच पत्र लिहायचं ठरवलं. अगं, दुपारी बाराला येऊन दोनला निघणाऱ्या माणसाला वेंगुर्लं दिसतच नाही. त्या वेळी मासळीचा लिलाव उरकलेला असतो, दुकानांवर पडदे ओढलेले असतात आणि वाळूत पाय ठेववत नाही. इथं सगळं भरती-ओहोटीच्या आणि उन्हाच्या वेळेवर चालतं. तेव्हा आधी मुक्काम, गोवा मग. चार दिवस काढलेस तर मला फार बरं वाटेल.

मार्च ठरवलास ते उत्तम केलंस. सकाळी उजाडता उजाडता मी तुला नवाबागच्या किनाऱ्यावर नेईन. नशीब असेल तर रापण दिसेल. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. हे काम घाईचं नाही. टाचा वाळूत रुतवून, एकमेकांच्या पावलाला पाऊल लावून मागं सरत जायचं. शेवटी जाळ्याची खोळ जवळ आली की पाणी चंदेरी होऊन उसळायला लागतं. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. हल्ली पर्ससीनची मोठाली जाळी लावणारे आणि ट्रॉलरवाले समुद्र खरवडून नेतात आणि रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, याचं गाबीत कोळ्यांच्या वस्तीतल्या लोकांइतकंच मलाही दुःख आहे. म्हणून म्हणते, आहे तोवर बघून घे.

तिथून मांडवीच्या खाडीत. ही सफर चुकवायची नाही! इथल्या बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे खंड्या अगदी हाताच्या अंतरावर बसून राहतो. मी गेले होते तेव्हा होडीतल्या बाईंनी वल्हं थांबवून कांदळाची एक लोंबणारी शेंग दाखवली. हिरवी, वीतभर लांब, खाली टोकदार. बी झाडावरच रुजतं, अंकुर तिथंच वाढतो आणि मग सुटून सरळ खालच्या चिखलात रोवला जातो. त्या म्हणाल्या, ‘पोर मोठा करून मगे सोडता.’ ज्या बायका आयुष्यभर मासे विकत आल्या, त्यांच्या तोंडून ही झाडं समजून घ्यायची यात जे सुख आहे ते कुठल्या पाटीवर वाचून मिळायचं नाही. भरती बघून वेळ ठरवावी लागते, ती मी विचारून ठेवते.

भावजी मासे खात नाहीत हे माझ्या लक्षात आहे. त्यांची काळजी नको, मार्च म्हणजे ओल्या काजूगरांचे दिवस. बाजारात बायका वाटे लावून बसलेल्या असतात. भाव ऐकून तुला महाग वाटेल, पण त्यांच्या बोटांकडे बघ. काजूच्या चिकानं कातडी काळी पडून सोललेली असते. खोबरेल लावलं, राख लावली तरी चीक भाजतोच. एकेक हिरवी बी उभी चिरायची आणि गर अख्खा काढायचा. घासाघीस अजिबात करू नकोस. त्या गरांची ओलं खोबरं घालून केलेली उसळ आणि घावणे खाल्ले की भावजी गोव्याचं नाव काढणार नाहीत. तुझ्यासाठी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं आहेच.

भावजींना झाडांचं वेड, म्हणून त्यांना फळ संशोधन केंद्रही दाखवू. ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ या काजूच्या जाती इथल्याच. नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला ‘रत्ना’ आंबा इथला आणि रत्ना-हापूसचा ‘सिंधू’ही इथलाच. सिंधूची कोय इतकी पातळ की फळ म्हणजे जवळजवळ सगळा गरच. कर्जतच्या जागेत काय लावावं ते त्यांनी तिथं मनसोक्त विचारावं.

गावातली डच वखार वाटेतच आहे. सतराव्या शतकात डचांनी इथं ठाण मांडलं ते व्यापारासाठी आणि गोव्यातल्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करण्यासाठीही. पडझड झालेली आहे, पण जांभ्याच्या त्या जाड भिंती बघितल्या की आज शांत वाटणाऱ्या या बंदरावर केवढी उलाढाल होती ते कळतं. संध्याकाळी बंदरावरच्या दीपगृहाच्या टेकडीवर जाऊ. समोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचे खडक दिसतात. तिथल्या गुहांत पाकोळी पक्षी घरटी करतात. ती घरटी खाण्यासाठी चोरून विकली जायची, आता लोकांनी आणि वनखात्यानं मिळून त्यांना राखलंय.

एक दिवस आरवली-शिरोड्यासाठी ठेव. आरवलीला वेतोबा. राखणदार देव, रात्री गावाभोवती फिरतो अशी श्रद्धा. म्हणून नवसाला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, आणि केळ्यांचे घड. वाहिलेल्या चपलांचे तळ झिजतात असं इथली माणसं सांगतात. मी तिथं उभी राहते तेव्हा माझाही विश्वास बसतो.

पुढं शिरोडं. मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो इथं. मार्चमध्ये मिठागरं चालू असतात. उथळ वाफ्यांत पाणी आटवून मीठ ओढतात, बाजूला पांढरे ढीग. चिमूटभर जिभेवर ठेवून बघ. वि. स. खांडेकर याच गावातल्या शाळेत मास्तर होते. कॉलेजात तू त्यांच्या कादंबऱ्या रात्र रात्र वाचायचीस, तेव्हा ती शाळा तुला दाखवल्याशिवाय मी सोडणार नाही. रेडीचा गणपती वेळ उरला तर. तो 1976 मध्ये खाणीत सापडला. गर्दी असते, पण मूर्ती बघण्यासारखी आहे.

आणि कुठं दशावतार असेल तर रात्रीची झोप विसर. संहिता नसते, संवाद तिथल्या तिथं जुळतात, बाईची कामं पुरुषच करतात. नाटक सुरू व्हायच्या आधी मागं जाऊन बघू, पेटाऱ्यावर आरसा टेकवून स्वतःच रंग लावत बसलेले असतात.

गाडीनं येणार असाल तर सावंतवाडी रोड किंवा कुडाळला उतरा, तिथून आणायची व्यवस्था मी करते. तारीख लवकर कळव, म्हणजे खाडीची होडी सांगून ठेवते. येताना माझ्यासाठी फक्त चितळ्यांची बाकरवडी आण, बाकी काही नको.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
शुभा