पडद्यापेक्षा कॅमेरा मुलांच्या हाती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्गातल्या तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा मोठा पडदा आणि तयार व्हिडिओ इथेच थांबते. पडद्यावर पेशीविभाजन काही मिनिटांत आटोपते, मुले बघतात, पण कुणाला काय समजले ते परीक्षेपर्यंत कळत नाही. तेच विभाजन मुलांनी स्वतः चित्रित केले, तर चूक तिथल्या तिथे दिसते. गटाला एक साधा स्मार्टफोन आणि स्टॉप मोशनचे (वस्तू थोडी थोडी सरकवून काढलेले फोटो जोडून फिल्म करण्याचे) मोफत अ‍ॅप एवढे पुरते.

सूत्री विभाजनच घ्या, म्हणजे एका पेशीपासून तितकीच गुणसूत्रे असलेल्या दोन पेशी होणे. चौघांचा गट, गडद रंगाचा कार्डशीट (चकचकीत नको, उजेड परावर्तित होतो) आणि लोकरीचे आठ तुकडे: लांब लाल, लांब निळे, आखूड लाल, आखूड निळे, प्रत्येकी दोन. एकसारखे दोन तुकडे मधोमध मातीच्या बारीक गोळीने जोडले की झाले एक गुणसूत्र. अशी चार. पुस्तकातल्या चार अवस्थांची चित्रे मुलांना पाठ असतात, पण एका चित्रातून दुसऱ्यात जायचे कसे, हे त्यांना इथे स्वतः ठरवावे लागते. घोटाळेही इथेच होतात. मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रे पेशीच्या मधोमध येतात तेव्हा, लांब लाल आणि लांब निळे गुणसूत्र जोडीने समोरासमोर मांडले जाते. ते अर्धगुणसूत्री (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे) विभाजन झाले! इथे चारही एकाच रांगेत हवीत. पश्चावस्थेत, म्हणजे जोडलेले तुकडे सुटून पेशीच्या दोन टोकांकडे जातात तेव्हा, तुकडा टोकाला धरून ओढला जातो. खरे तर गुणसूत्रबिंदू (तुकडे जोडलेली मधली जागा, इथे मातीची गोळी) पुढे जातो आणि दोन्ही बाजू मागून फरफटत येतात. शेवटी दोन्ही पेशींत चार-चार तुकडे, दोन्ही रंगांचे आणि दोन्ही लांबींचे, उरायला हवेत. नसतील तर फोटो एकेक करून मागे न्यायचे; चूक नेमकी कुठे झाली ते मुलेच शोधतात.

सेकंदाला 8 फोटो धरले तर 15 सेकंदांच्या फिल्मला 120 फोटो लागतात. दर फोटोला तुकडा 4-5 मिलिमीटरच सरकवावा. प्रत्येक अवस्थेपाशी तोच फोटो 8 वेळा कॉपी करावा, म्हणजे बघणाऱ्याला थांबायला एक सेकंद मिळतो आणि तेवढे फोटो काढायचेही वाचतात.

फोन पुस्तकांच्या दोन चवडींवर आडवा, कॅमेरा खाली करून ठेवावा आणि चिकटपट्टीने पक्का करावा. बटण दाबताना तो हलतोच, म्हणून टायमर लावावा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायला विसरू नये. नाहीतर हात चौकटीत आला-गेला की कॅमेरा उजेड नव्याने मोजतो आणि फिल्म लुकलुकते. खिडकीतल्या उन्हानेही तेच होते, तेव्हा पडदे ओढून दिवा लावावा. फोन एअरप्लेन मोडवर. आधीचा फोटो फिकट दाखवणारी सोय अ‍ॅपमध्ये असते, ती चालू ठेवावी. निवेदन शेवटी, शांत खोलीत रेकॉर्ड करावे.

दर 30 फोटोंनी कामे बदलावीत. नाहीतर फोन हाताळणारा एकटाच शिकतो आणि बाकीचे लोकर कापत बसतात. गुण देताना फिल्मच्या देखणेपणाकडे पाहू नये. क्रम बरोबर आहे का आणि निवेदनात कारण सांगितले आहे का, एवढेच पाहावे.

एका तासिकेत हे उरकत नाही. वेळापत्रक आखणाऱ्यांनी महिन्यातून एक जोडतासिका यासाठी राखून ठेवावी, आणि शिक्षक प्रशिक्षणात भाषणाऐवजी प्रत्येक शिक्षकाकडून अशी एक फिल्म करून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका